टिटवीचं चार मिनिटांचं भाषण

एका जंगलात, बाळांनो, सगळे जण बोलायला शिकले होते. त्यामुळे ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

तिथे एक वक्तृत्व मंडळ होतं. त्याच्या सहा शाखा. दर दोन शाखांवर एक क्षेत्रप्रमुख, क्षेत्रप्रमुखांवर विभागप्रमुख कोल्हा, आणि सगळ्यांवर प्रांताध्यक्ष गजराव हत्ती. ज्याच्या त्याच्या छातीवर बिल्ला. बिनबिल्ल्याची सभासद एकच. नुकतीच लग्न होऊन आलेली टिटवी. "चार जणांत मिसळ, बोलायला शीक," म्हणून सासूबाईंनी तिचं नाव घातलं होतं. ती मागे बसायची आणि टाळ्या वाजवायची.

एके सकाळी नदीकाठच्या गवताला आग लागली. गवतात टिटवीची चार अंडी. सभा भरली होती पलीकडच्या काठावर. गजराव तर गुडघाभर पाण्यातच उभे. एक सोंड पाणी मारलं की झालं!

टिटवी धापा टाकत मंचावर उतरली. "आग लागलीय हो! माझी अंडी!"

वेळ मोजणारं माकड म्हणालं, "दोन सेकंद. किमान चार मिनिटं हवीत. बाद."

"मध्ये धापा तीन," बोलण्यातल्या अडखळण्या मोजणाऱ्या बगळ्यानं वहीत लिहिलं.

परीक्षक ससा गोड हसला. "आधी कौतुक. विषय ज्वलंत निवडलात, ताई. आता सुधारणा. मान्यवरांचा उल्लेख राहिला."

"अहो, तो धूर दिसत नाही का तुम्हाला?"

"हातवारे छान. पुन्हा पहिल्यापासून घ्या."

"बोल पोरी, घाबरू नकोस," गजराव मायेनं म्हणाले. "आम्ही सगळे असेच शिकलो."

टिटवीला वाटलं, चार मिनिटं बोललं की पाणी मिळेल. मग ती बोलली. सन्माननीय प्रांताध्यक्षांपासून उपशाखासचिवांपर्यंत सगळ्यांची नावं घेतली. अंड्यांचा रंग सांगितला, वाऱ्याची दिशा सांगितली. शेवटी आवाज चढवला. माकडानं चार मिनिटं भरल्याचं हिरवं पान दाखवलं. टाळ्याच टाळ्या!

गजरावांनी अकरा मिनिटं आभार मानले. मग खरोखरच सोंड भरून पल्याड गेले आणि राखेवर पाणी शिंपडलं.

"जागा ऐसपैस मोकळी झाली," कोल्हा म्हणाला. "इथे सातवी शाखा काढू. अध्यक्ष आपल्या टिटवीताई!"

ससा तिच्या पिसांत बिल्ला अडकवू लागला. टिटवी काळ्या पडलेल्या चार अंड्यांकडे बघत राहिली. एक शब्द बोलली नाही.

बगळ्यानं वही उघडली. "विराम उत्तम."

तात्पर्य: घर पेटलं तर उगाच ओरडू नये. मान्यवरांची नावं घेऊन, नीट चार मिनिटं बोलावं. घर जातं, पण बिल्ला मिळतो.