अकराव्या चिठ्ठीचं प्रकरण

चिमाजी खालकर हे गुप्तहेर आहेत, ही गोष्ट सातपूरच्या नवजीवन कॉलनीत शाळकरी पोरांनाही ठाऊक होती, कारण त्यांनी तशी पाटीच लावली होती. पाटी त्यांच्या एसटीडी बूथवर होती आणि मजकूर त्यांचा स्वतःचा होता : 'सुप्रसिद्ध गुप्त अन्वेषक, कुशाग्र बुद्धीचे धनी, गुन्हेगारांचे कर्दनकाळ, मनमाड जंक्शन सुटकेस प्रकरण फेम श्री. चिमाजी खालकर. येथे झेरॉक्स काढून मिळेल.' त्या प्रकरणातली सुटकेस त्यांचीच होती आणि ती त्यांच्याच बाकाखाली सापडली होती. एवढा तपशील पाटीवर मावला नव्हता.

"माझ्यासारखा मेंदू जिल्ह्यात शंभर वर्षांत एकदाच जन्माला येतो," चिमाजी म्हणत.

म्हणजे आता पुढची शंभर वर्षं जिल्हा निवांत, असं रंगनाथ म्हणे. मनातल्या मनात. रंगनाथ त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. एका कारखान्यात टर्नर, सेकंड शिफ्टला. सकाळचा वेळ मोकळा असल्याने बहिणीने त्याला नवऱ्याचा सहायक नेमून टाकलं होतं. "यांच्याबरोबर कोणीतरी शहाणं असलेलं बरं," एवढीच तिची अट होती. चिमाजींची अटही एकच होती : तपासाच्या वेळी रंगनाथने त्यांना 'दाजी' म्हणायचं नाही, 'सर' म्हणायचं.

सत्त्याण्णव सालची महापालिकेची निवडणूक आली. वाळू-सिमेंटचे व्यापारी कुंदनराव मोगल दोन वर्षं तयारीत होते. गणपतीच्या वर्गण्या, कबड्डीचे चषक, लग्नात आहेर, सगळं झालं होतं. मिशीसुद्धा त्यांनी निवडणुकीच्या हिशेबानेच वाढवली होती. आणि सोडतीत वॉर्ड निघाला महिला राखीव! कुंदनरावांनी संध्याकाळी बायकोपुढे फॉर्म ठेवला. "सही कर," म्हणाले. शुभांगीताईंनी सही केली. पुढचं सगळं कुंदनरावच बघणार होते, त्यामुळे छापखानेवालाही गोंधळला. पहिल्या हजार पत्रकांवर 'आपल्या लाडक्या भगिनीस विजयी करा' असं छापून वर त्याने कुंदनरावांचा मिशांसकट फोटो टाकला. तो गठ्ठा एकही पत्रक न वाटता मोगलांच्या माळ्यावर जाऊन पडला.

अशात रहिवासी मंडळाने एक खोडी काढली. मंडळाचे अध्यक्ष रावजी गुरुजी, निवृत्त शिक्षक. त्यांनी जाहीर केलं की रविवारी दुपारी मैदानावर सभा होईल आणि दोन्ही उमेदवार बायका, म्हणजे शुभांगीताई आणि त्यांच्या विरोधात उभ्या असलेल्या कलाबाई थेटे, रहिवाशांच्या प्रश्नांना स्वतः उत्तरं देतील. नवरे, दीर, मुलगे यांनी खाली बसायचं. प्रश्न चिठ्ठीवर लिहून गिरणीबाहेर टांगलेल्या, कुलूप लावलेल्या बिस्किटांच्या डब्यात टाकायचे. गुरुजी रोज संध्याकाळी डबा उघडून ते फळ्यावर उतरवत.

पहिल्या चिठ्ठ्या नेहमीच्याच होत्या. एकाने विचारलं होतं, निवडून आल्यावर ओळख दाखवाल का? दुसऱ्याने, प्रचाराचे वडे कधी आहेत? पण मग एकाच वळणदार अक्षरातले प्रश्न येऊ लागले. पहाटे चारला पाणी सोडायचं कोणी ठरवलं आणि ठरवणारा स्वतः किती वाजता उठतो? घंटागाडी आपण बादली घेऊन पोहोचेपर्यंत निघून जाते, मग घंटा कचऱ्यासाठी वाजवता की आरतीसाठी? लोक दळण विसरून फळ्यापुढे उभे राहू लागले.

गुरुवारी त्या अक्षरातली अकरावी चिठ्ठी आली : 'बागेसाठी राखीव असलेल्या जागेवर वाळूचे ढीग आहेत. तिथे वाळू टाकायची परवानगी कोण देतं?'

शुक्रवारी सकाळी कुंदनराव बूथवर हजर. बोलणं गुप्त असल्याने चिमाजींनी त्यांना फोनच्या काचेच्या खोक्यात घेतलं आणि दार लावलं. आत दोघं, चौकटीत अर्धा रंगनाथ आणि बाहेर फोनसाठी थांबलेली पाच माणसं काचेला नाक लावून.

"चिमाजी, हे कोणाचं काम हाय ते मला रविवारच्या आत पाहिजे," कुंदनराव म्हणाले. "वाळू कोणाची, हे सगळ्या कॉलनीला माहीत हाय. पण माहीत असणं येगळं आन् फळ्यावर येणं येगळं. लय डोकं चालवलंय कोणीतरी."

"शत्रू तुमच्या अगदी जवळ आहे," चिमाजी डोळे मिटून म्हणाले.

अख्ख्या तपासात तेवढंच एक वाक्य त्यांच्या तोंडून बरोबर निघालं. नंतर त्यांचं त्यांनाच ते आठवलं नाही.

गुरुजींनी चिठ्ठ्या आनंदाने दिल्या. "घेऊन जा. फळ्यावर उतरवून झाल्यात." चिमाजींनी त्या भिंग लावून तपासल्या. एका चिठ्ठीवर पांढरी पूड सापडली.

"रंगनाथ, पीठ! गुन्हेगार गिरणीवाला!"

"सर, डबाच गिरणीला टांगलाय. सगळ्याच चिठ्ठ्यांना पीठ असणार."

"बरं. पाणी पहाटे चारला येतं, हे कोणाला कळतं? जो चारला जागा असतो त्याला. गुन्हेगार दूधवाला!"

"सर, चारला सगळी कॉलनीच जागी असते. पाणी भरायला."

चिमाजींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू दूधवाल्याचं दूध रंगनाथच पीत होता. तरीही त्यांनी दूधवाल्याची उलटतपासणी घेतलीच. त्यातून एवढंच निष्पन्न झालं की दुधात पाणी असतं, आणि तेही चारचंच.

दुपारी रंगनाथ चिठ्ठ्या खिशात घेऊन जेवायला घरी आला. त्याची बायको संध्या ताट वाढत होती. "बघू," म्हणून तिने एक चिठ्ठी घेतली आणि तिने जे केलं ते चिमाजींनी भिंग असूनही केलं नव्हतं. तिने चिठ्ठी उलटी केली. मागे अर्धी मिशी छापलेली होती.

"अहो, ही तर मोगलांची ती फसलेली पत्रकं. आपल्या डाळीच्या डब्यांखालीही हीच आहेत. शुभांगीताईंनीच दिलीत मला. त्यांच्या घराबाहेर हा कागद आपल्याकडे सोडून कुठेच नाही."

"म्हणजे चिठ्ठ्या तू लिहितेस?"

संध्याने कपाळावर हात मारला. "हळदीकुंकवाची आमंत्रणं कोणाच्या हातची असतात? हेच अक्षर. त्याच लिहितात."

"स्वतःच उमेदवार आणि स्वतःच प्रश्न? कशासाठी?"

"विचारून कळत नसेल घरात. परवा मला म्हणाल्या, काही विचारलं की शेठ म्हणतात, तुला काय करायचंय. सायखेड्याच्या शाळेत पहिल्या आलेल्या आहेत त्या. पण बोलू कोण देतं?" मग तिने उलथनं उगारलं. "आणि तुम्ही यातलं एक अक्षर दाजींना सांगितलंत तर बघा. ते सरळ शेठच्या कानाला लागतील."

गुन्हेगार सापडला होता आणि तो सापडलेला दाखवायचा नव्हता. चिमाजींच्या सहायकाला ही सवय नव्हती. आजवर उलटंच होत आलं होतं.

पण शनिवारी चिमाजींच्या हातून एक चिठ्ठी खाली पडली आणि उलटी झाली. मिशी पाहून ते किंचाळलेच.

"मोगलांचाच कागद! रंगनाथ, याचा अर्थ कळतोय का तुला?"

रंगनाथला घाम फुटला. "नाही, सर."

"संशय मोगलांच्या घरावर जावा म्हणून शत्रूने मुद्दाम त्यांचाच कागद वापरलाय. म्हणजे तो अतिशय हुशार आहे. अकरा चिठ्ठ्यांत शुद्धलेखनाची एक चूक नाही. म्हणजे तो शिक्षक आहे. डब्याची किल्ली कोणाकडे आहे? रावजी गुरुजी!"

"सर, गुरुजी कशाला असं करतील?"

"तेच तर त्याचं कौशल्य. कारणच ठेवलेलं नाही!"

रंगनाथला एकदा वाटलं, सांगून टाकावं. पण उलथनं डोळ्यांपुढे आलं, आणि उलथन्याच्या मागे शुभांगीताईंचा चेहरा. तो गप्प बसला. चिमाजी कुंदनरावांच्या कानात कुजबुजून ही गोष्ट तिथेच संपवतील, असं त्याने धरलं होतं.

रविवारी मैदानावरच्या मांडवात पाचशे माणूस जमलं. कलाबाई थेटे आधी बोलल्या. पाणी, घंटागाडी, वाळू, तिन्हींना त्यांचं उत्तर एकच होतं : "आपण सगळे मिळून बघू." टाळ्या बऱ्या पडल्या. मग शुभांगीताई उठल्या. हातात कुंदनरावांनी लिहून दिलेला कागद होता. त्या माईकपाशी पोहोचतात तोच चिमाजी स्टेजवर चढले.

"थांबा! एक पाऊलही पुढे टाकू नका! या प्रश्नांमागे एक कारस्थान आहे आणि कारस्थानी याच मांडवात बसला आहे."

पाचशे माणसं एकमेकांकडे बघू लागली. कुंदनरावांनी मिशीला पीळ दिला. गुरुजी खोटे ठरले की अकरावी चिठ्ठीही रद्द, असा त्यांचा हिशेब होता.

"निष्पक्षपणाचा बुरखा पांघरून खोट्या चिठ्ठ्या टाकणारा तो इसम म्हणजे," चिमाजींनी बोट गरागरा फिरवलं, ते वाटेत चुकून एका लहान मुलीवर थांबलं, मग पुढे सरकलं, "रावजी गुरुजी!"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तेहेतीस वर्षं मी मुलांना प्रश्न विचारले," ते म्हणाले. "नाव लपवून एकही नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "मग किल्ली कोणाकडे होती?" दुसरा म्हणाला, "असेलही बाबा, कोणाचं काय सांगावं." गुरुजी खाली बसले. इतके हळू बसले की रंगनाथला आपणच त्यांना ढकलल्यासारखं वाटलं. दोन दिवस खरं माहीत असून तोंड मिटून बसला होता तो. संध्याने त्याच्याकडे पाहिलं. या वेळी तिच्या नजरेत उलथनं नव्हतं. "उठा," ती म्हणाली. रंगनाथ उठला. तोंड उघडलं. पण आवाज आला तो माईकमधून.

"चिठ्ठ्या माझ्या आहेत."

शुभांगीताईंनी हातातला कागद घडी करून टेबलावर ठेवला होता.

"गुरुजींचा काही संबंध नाही. अकराच्या अकरा मी लिहिल्यात. मला उभं केलं, पण महापालिकेत काय चालतं ते मला कोणी सांगेना. म्हटलं, डब्यात टाकावं, कोणाला तरी उत्तर देता येईल. फळ्यावर लोक वाचायचे आणि आमच्याच घरी येऊन विचारायचे, ताई, याचं उत्तर काय? मग मीच रिक्षा करून महापालिकेत गेले."

कुंदनरावांचा पीळ सुटला. मिशीचं एक टोक वर राहिलं, एक खाली आलं.

"पाण्याचं असं आहे," शुभांगीताईंचा आवाज आता सावरला होता, "चारची वेळ कोणी ठरवलेलीच नाही. वॉल्व्ह फिरवणारे आपल्याच कॉलनीत राहतात. सायकलवर ड्युटीला निघताना वाटेत पहिला वॉल्व्ह आपला लागतो, म्हणून पहिलं पाणी आपल्याला. शेवटून सुरुवात केली तर आपल्याला साडेसहाला येईल. मी त्यांना विचारलं, ते म्हणाले, मला आजपर्यंत कोणी सांगितलंच नाही."

मांडवात हशा पिकला. वॉल्व्हमन नाथा स्वतः तिसऱ्या रांगेत होता, तो उभा राहून नमस्कार करू लागला.

"आता अकरावी चिठ्ठी." ताईंनी माईक जवळ ओढला. "बागेच्या जागेवर वाळू टाकायची परवानगी कोण देतं? कोणीच देत नाही. मी विचारून आले. आणि वाळू आमची आहे."

सगळ्या माना एकदम कुंदनरावांकडे वळल्या. रंगनाथला वाटलं, आता स्टेज मोडतं. पण पाचशे मतदार आपल्याकडे बघताहेत, हे कुंदनरावांना दिसत होतं. दोन वर्षांच्या सवयीने त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"उचलू," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"कधी?" शुभांगीताईंनी माईकवरूनच विचारलं. नवऱ्याला प्रश्न विचारून त्याचं उत्तर मिळण्याची ही त्यांची पहिलीच वेळ असावी, कारण त्या अगदी मनापासून वाट बघत होत्या.

"उद्या. उद्या सकाळी."

टाळ्यांनी मांडव दणाणला. गुरुजीही टाळ्या वाजवत होते. गर्दीत चिमाजी रंगनाथपाशी आले आणि हळूच म्हणाले, "पाहिलंस? निरपराध माणसावर आळ घेतला की खरा गुन्हेगार आपण होऊन उभा राहतो. माझी खास पद्धत."

"दाजी," रंगनाथ म्हणाला, 'सर' नाही, "आधी गुरुजींच्या पाया पडून या."

चिमाजींनी तोंड उघडलं, रंगनाथकडे पाहिलं, संध्याकडे पाहिलं आणि गेले. गुरुजींनी त्यांना उठवलं आणि वाकल्यावर त्यांचा शर्ट मागे निघाला होता तो खोचायला सांगितलं.

शुभांगीताई एकसष्ट मतांनी निवडून आल्या. वाळू सोमवारी सकाळी नाही, पण बुधवारपर्यंत हलली. कुंदनराव काही दिवस घुश्शात होते. मग एकदा वॉर्डातल्या रस्त्यांचं काम घेऊन, कडक इस्त्रीचे कपडे घालून, नेहमीच्या ऐटीत महापालिकेत गेले. दारावरच्या शिपायाने त्यांना अडवलं.

"आपण कोण?"

कुंदनराव क्षणभर घुटमळले. मोगलशेठ म्हणावं, व्यापारी म्हणावं, की समाजसेवक?

"मी मोगलताईंचा मिस्टर," ते म्हणाले.

"मग बाकड्यावर बसा," शिपाई म्हणाला. "ताई मीटिंगमध्ये आहेत."

कुंदनराव बसले.