पहिल्या रांगेतले तात्या

पडद्यावर नकाशा आला की तात्या मोकाटे चपला काढून खुर्चीखाली सारतात. "जमीन हाय ती. तिच्यापुढं पायतान घालून बसायचं व्हय?" असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सुनावलं. त्या दिवशी विषय होता सहारा वाळवंट.

सावेडीत आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये दर महिन्याला एका रविवारी भूगोलावर व्याख्यान असतं. वक्ते बोलावणं, चहा, प्रोजेक्टर हे सगळं माझ्याकडे. श्रोते पंधरा-वीस. तात्या मूळचे शेवगाव तालुक्यातले, नागापूरच्या कारखान्यात फिटर होते. शिक्षण सातवी. पण वक्ते घाबरतात ते फक्त त्यांना.

उत्तर ध्रुवावर जाऊन आलेल्या एका गृहस्थांना त्यांनी विचारलं, "तिथनं सगळीकडं दक्षिणच न्हवं? मग घरची वाट कशी वळखली?" दुसरे एकजण वाळवंटाबद्दल म्हणाले, "हा प्रदेश निर्मनुष्य आहे." तात्या उठलेच. "तसं कसं? तुमी गेला तवा कुनी घरी नसंल." हॉल हसून लोटपोट. तात्या मात्र हसले नाहीत. त्यांना उत्तर हवं होतं.

मला वाटायचं, रिटायर माणूस, वेळ जात नाही, म्हणून येतो.

मग एकदा पुण्याहून सायली नावाची तरुण संशोधक आली. उपग्रहातून बदलती पृथ्वी कशी दिसते, हा तिचा विषय. आटलेली सरोवरं दाखवली, फुगलेली शहरं दाखवली आणि शेवटी आपल्याच भागातलं धरण. आधी जुना नकाशा, मग आजचा फोटो, सगळा निळा. "किती सुंदर जलाशय आहे बघा," ती म्हणाली.

तात्या उभे राहिले. मी डोळे मिटून घेतले.

"म्याडम, ह्याच्या खाली आमचं गाव हाय," एवढंच म्हणून ते खाली बसले. प्रश्न विचारलाच नाही.

सगळे गेल्यावरही ते थांबून होते. सायली लॅपटॉप आवरत होती, तिच्यापाशी गेले. "एक जागा काढून द्याल का? मारुतीच्या देवळामागं वढा. वढ्याच्या पल्याड चिंच. तिच्या बुडाशी."

"काय होतं तिथे, आजोबा?"

तात्या प्रोजेक्टरच्या वायरकडे बघत राहिले. "आमची थोरली. आठ दिवसांची हुती. नाव ठेवायचं राह्यलं. तिथं पुरली. दोन वर्सांनी पानी आलं."

सायलीने आवरलेला लॅपटॉप पुन्हा उघडला.

"आमची मंडळी अजून इचारती, कुठं असंल ती? मला सांगता येत न्हाई. पान्यावर काय खूण असती? म्हनून तर इथं येतो. म्हटलं, चार मानसं नकाशे दाखवत्यात, बघून बघून कवातरी आपल्याला बी जमंल."

सायलीने कुठून तरी तालुक्याचा जुना मोजणीचा नकाशा मिळवला. देऊळ आणि ओढा त्यात होते. तो तिने फोटोवर बसवला, ओढ्यापलीकडे एक तांबडा ठिपका दिला आणि पुढच्या महिन्यात स्वतः घेऊन आली.

त्या दिवशी तात्यांनी पहिल्यांदाच बायकोला, हिराकाकूंना, आणलं. व्याख्यानाला पाऊण तास होता. वक्ते ऑफिसात चहा घेत होते. मी फोटो लावला.

काकू डोक्यावरचा पदर सावरत पडद्यापुढे उभ्या राहिल्या. बराच वेळ नुसत्या बघत होत्या.

"काठाजवळच हाय की," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, लई आत असंल. अंधारात."

"न्हाई गं," तात्या म्हणाले. "उन्हाळ्यात पानी हटतं. ऊन पडत असंल तिथं."

काकूंनी मान हलवली. तात्यांकडे न बघताच त्यांचा हात धरला. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झालेलं जोडपं असं हात धरून उभं असलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

लोक यायला लागले, खुर्च्या भरल्या. मी हिमनद्यांचं पहिलं चित्र लावायला पुढे झालो.

"ऱ्हाऊ द्या जरा," तात्या हळूच म्हणाले.

वक्ते बाहेर आले. त्यांनी घड्याळात पाहिलं, मग पाठमोऱ्या काकूंकडे पाहिलं आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

त्या दिवशी व्याख्यान अर्धा तास उशिरा सुरू झालं.