सुदामकाकांची कापसातली पेटी

आमच्या शेजारचे सुदामकाका दर रविवारी सकाळी दहा वाजता अंगात रेनकोट घालून स्वतःच्याच घराच्या खिडकीतून आत उडी मारतात. आमच्या बोरी अरबात दिवाळीनंतर पावसाचा थेंब नसतो आणि काकांच्या घराला चांगला सागवानी दरवाजा आहे. हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ओट्यावर दात घासत होतो. तोंडातला फेस गिळला गेला.

"काका, चावी हरपली का?" मी ओरडलो.

"चूप बे! रेकॉर्डिंग चालू हाये," आतून आवाज आला. मग टिंग टिंग अशी घंटी वाजली आणि पेटी सुरू झाली. आपल्याकडे हार्मोनियमला पेटीच म्हणतात, आणि काकांची वाजते बरी, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी त्यांची बरीच थट्टा करणार आहे.

सुदामकाका एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण हे त्यांना अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही. लग्नाच्या पंगतीत ते उभे राहून "पुढे सरका, पुढे सरका, मांगं लय जागा हाये" असं म्हणत पाहुण्यांना जेवता जेवता सरकवतात. घरात दाराजवळच्या खुर्चीशिवाय कुठे बसत नाहीत. एकदा गावातल्या मयतीत मंडळी घुटमळत उभी होती, तेव्हा यांच्या तोंडून "चला" निघालं आणि हात आपोआप वर, घंटीच्या दोरीकडे गेला. चार लोकांनी खाली मान घालून हसू दाबलं. मी त्यांतला एक.

आणि रुमाल. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून सीटवर रुमाल टाकून जागा धरायची, ही आपली सगळ्यांचीच रीत. पण काकांसाठी तो रुमाल म्हणजे कोर्टाचा कागद. एकदा म्हणे दारव्ह्याहून यवतमाळपर्यंत गाडीत माणसं दांड्याला लोंबकळत होती आणि एक सीट रिकामी गेली. कारण त्यावर रुमाल होता. रुमालाचा मालक दारव्ह्यालाच चहा पीत राहिला होता.

"मंग बसू द्यायचं ना कोणाले," मी म्हटलं.

"काहून? रुमाल हाये म्हंजे माणूस हाये. आज नाई आला त का झालं?"

हा मुद्दा, आणि तो रुमाल पुढच्या गाडीने मालकाला परत नेऊन दिल्याची गोष्ट, त्यांनी मला तीनदा ऐकवली आहे.

आता खिडकीचं सांगतो. निवृत्तीनंतर काकांनी पलंगाखालची पेटी काढली. तरुणपणी भजनी मंडळात वाजवायचे. पण मंडळात आता दुसरा पेटीवाला बसला होता आणि तो काही जागा सोडेना. रुमाल त्याचा आधीचा, म्हणून काकांनीही वाद घातला नाही. मग कोणीतरी त्यांना मोबाईलवरच्या एका ग्रुपात घेतलं. जिल्ह्यातली हौशी वाजवणारी मंडळी, कोणी बासरी, कोणी बेंजो. घरी वाजवायचं, रेकॉर्ड करायचं, ग्रुपवर टाकायचं आणि एकमेकांना "क्या बात है" म्हणायचं. काका तिथे दोन महिन्यांत अॅडमिन झाले. आत येणाऱ्याला रांग लावायला कोणीतरी हवंच होतं.

पहिली रेकॉर्डिंगं त्यांनी बैठकीत केली. त्यात कुकरच्या शिट्ट्या आल्या. भंगारवाल्याचा भोंगा आला. पुसदच्या एका निवृत्त सरांनी लिहिलं, "कुकर सुरात आहे. पेटीकडे लक्ष द्यावे." हे सर ग्रुपातले जाणकार. ते साधं काही लिहीतच नाहीत.

काका दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते कडेच्या खोलीत कापूस पाहायला गेले. काकूंच्या नावाचं पाच एकर वावर आहे, त्याचा कापूस दरवर्षी या खोलीत भरतात आणि भाव येईपर्यंत ठेवतात. आमच्या भागात निम्म्या घरांत अशी एक खोली असतेच. तर कापसात उभं राहून काका खोकले, आणि खोकला भिंतीवरून परत आला नाही. ते पुन्हा खोकले. मग "यवतमाळ, यवतमाळ!" असं ओरडून पाहिलं. कापसाने सगळं पिऊन टाकलं. बाहेर आले ते डोळे मोठे करून.

"संज्या, मले स्टुडिओ भेटला!"

पुढच्या वेचणीनंतर त्या खोलीच्या दरवाज्यामागे कापूस कमरेएवढा भरला, म्हणून दरवाजा उघडत नाही, म्हणून खिडकी. घरातल्या कापसाने अंगाला अशी खाज सुटते की माणूस भिंतीला पाठ घासत फिरतो, म्हणून रेनकोट. मधोमध खड्डा करून त्यात पाट, पाटावर पेटी, कडेला मोबाईल, आणि छताच्या कडीला दोरी बांधून पितळी घंटी. दोन टोले दिले की गाणं निघतं, एक टोला दिला की थांबतं. अधूनमधून गाण्याच्या ऐन मध्यात एक टोला येतो, पेटी थांबते, खसाखसा आवाज येतो, मग दोन टोले आणि गाणं पुढे. खाजेचा तो स्टॉप विनंती थांबा आहे, असं काका म्हणतात.

यात माझं काम काय, तर बसस्टँडसमोर माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर काकांचं रेकॉर्डिंग साफ करून ग्रुपवर टाकायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी कधी हो म्हटलं मला आठवत नाही.

एकदा पेटीच्या भात्यात कापूस गेला आणि एक स्वर मुका झाला. काकांनी तसंच वाजवलं. पुसदच्या सरांनी परिच्छेदभर लिहिलं, "निषाद वर्ज्य करण्याचे धाडस फार थोडे कलावंत करतात." सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. काकांनी उत्तर दिलं, "कापूस अटकला."

इकडे गल्लीत वेगळाच घोळ. काका कापूस विकत नाहीत हे पाहून लोकांना वाटलं, यांना काहीतरी आतली खबर आहे. जो तो विचारायचा, "काका, कधी काढता?" काका म्हणायचे, "अजून टाइम हाये." झालं, सात-आठ घरांनी आपलाही कापूस धरून ठेवला. भाव जागचा हलला नाही, पण खाज सगळ्या गल्लीला सुटली. गिरजाकाकू रोज सकाळी पाठ खाजवत मला ऐकू येईल अशा बेताने म्हणायच्या, "या माणसानं मले कापसात पुरलं बाप्पा!"

ग्रुपात काकांचा खास माणूस म्हणजे मारेगावचे हबीबभाई. ट्रॅक्टरचे मिस्त्री आणि तबला वाजवणारे. दोघांची कधी भेट नाही. काका पेटी पाठवत, हबीबभाई दुकानात कानाला वायर लावून ती ऐकत तबला वाजवत, दुसऱ्या मोबाईलवर रेकॉर्ड करून मला पाठवत, आणि मी दोन्ही जोडत असे. कधीकधी तबल्याच्या मागे पान्याची ठकठक यायची. पण हात असा, की काकांची पेटी त्यांच्यासोबत दहा वर्षांनी तरुण व्हायची. सोबत हबीबभाईंचा निरोप असायचा, "कंडक्टर साहब, सीट खाली रखना, मैं आ रहा हूं." काका तो निरोप दुकानात मोठ्याने लावून चारचौघांना ऐकवायचे.

संक्रांतीनंतर मारेगावहून काही येईनासं झालं. मला वाटलं, सीझन आहे, ट्रॅक्टरची कामं असतील.  पण काकांची रेकॉर्डिंगं बिघडली. पेटी छान चाललेली असायची, मध्येच बंद. घंटी नाही, खाजवणं नाही, काही नाही. मग पुन्हा सुरू. पडद्यावर आवाजाची रेघ सपाट दिसायची. एका गाण्यात असे चार खड्डे. मला वाटलं, वय झालं, विसरत असतील. म्हाताऱ्या माणसाची लाज झाकावी म्हणून मी ते खड्डे कापून टाकले आणि टोकं इतकी सफाईने जोडली की मलाच माझं कौतुक वाटलं. असं तीन रविवार केलं.

काका स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकत नाहीत. पण तिसऱ्या रविवारी वणीच्या बासरीवाल्याने लिहिलं, "काका, आता तुमची गाडी नॉनस्टॉप झाली!" कंडक्टरला हा शब्द लागला. त्यांनी ऐकलं.

दहा मिनिटांत ते माझ्या दुकानात होते. अंगात रेनकोट, डोक्यावर, भुवयांवर, मिशीत कापूस. फॉर्म भरायला आलेल्या बाया बाजूला झाल्या.

"तुनं माया रुमाल कायले उचलला?"

"कोणता रुमाल, काका?"

"सोळा मात्राचा! चार जागी ठेवलता! तुले कोणं सांगतलं उचलाले?"

ते ओरडत होते, पण आवाज फाटला होता. मी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मग तुकड्यातुकड्याने कळलं. हबीबभाईंना लकवा मारला होता. पाय ओढत चालतात, बोलतात बरं, पण उजवा हात उचलत नाही. काकांना फोन करून म्हणाले, "कंडक्टर साहब, मेरा टिकट काट दो. अब ग्रुप में क्या करूंगा?" ग्रुपमधून आपलं आपण बाहेर पडता येतं हे हबीबभाईंना ठाऊक नव्हतं, आणि काकांनी ते सांगितलं नाही.

"मी म्हटलं, तुमचा स्टॉप नाई आला अजून," काका म्हणाले. "चालत्या गाडीतून मी माणूस उतरवत नसतो. गाण्यात तुमच्या तबल्याची जागा ठेवून राह्यलो, येसान तवा बसा. आन तू साल्या, तीन रविवार त्या माणसाची जागाच काटून राह्यला? त्यानं आयकलं असंन त का म्हटलं असंन? का कंडक्टरनं सीट देऊन टाकली?"

 काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "म्हणून कापूस विकत नाही का?"

"कापूस गेला का खोली घुमते. मंग ते रिकामी जागा रिकामी राह्यते का? कुकर येऊन बसते, भंगारवाला येऊन बसते. कापसात कोणी बसत नाई."

मी तिथल्या तिथे तिन्ही गाणी जशीच्या तशी, खड्ड्यांसकट, पुन्हा ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, चूक माझी होती. मला खरंच फार लाज वाटली.

संध्याकाळी ओट्यावर काकू भेटल्या. मला वाटलं, त्यांना सांगावं, कापसाचं कारण वेगळं आहे म्हणून. त्या पाठ खाजवत म्हणाल्या, "मले माहीत हाये रे. दोनदा व्यापाऱ्याची गाडी आलती, मीच वापस पाठवली. पण त्याहिले सांगू नको, उगाच डोक्यावर बसतीन."

पुढचे तीन रविवार काका रेनकोट घालून उडी मारत राहिले आणि मी खड्डे तसेच ठेवत राहिलो.  वणीच्या बासरीवाल्याने एकदा विचारलं, नेट गेलं होतं का.

चौथ्या रविवारी दुपारी मारेगावहून आवाज आला. निरोप नव्हता, नुसतं वाजवणं होतं. मी ते काकांच्या पेटीला जोडलं आणि ऐकून माझं मन खट्टू झालं. नुसता डग्गा होता, डाव्या हाताचा. घुमून थांबायचा, पुन्हा घुमायचा. तबल्याची ती खणखणीत थाप कुठेच नव्हती. मारेगावात बसून त्या माणसाने हे कसं वाजवलं असेल याचा विचार मी करत होतो, तेवढ्यात काका आले.

"काका, मोबाईलात तबल्याचा आवाज मिळतो," मी म्हटलं. "उजव्या हाताचं तेवढं मी भरून देतो. कोणाले कळणार नाही."

काकांनी बोट वर केलं. एक टोला, म्हणजे थांब. कानाला वायर लावून त्यांनी डोळे मिटले. एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा ऐकलं. मागे पाच-सहा माणसांची रांग लागली होती, पण त्यांनी कोणाला पुढे सरका म्हटलं नाही.

"आयक," ते म्हणाले. "डग्गा जिथं जिथं थांबते, तिथं त्याचा उजवा हात होता. ते जागा त्यानं डाव्या हातानं भरली नाई. भरू शकत होता, मिस्त्री माणूस हाये, जुगाड केला असता. पण नाई भरली." डोळे वाहत होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत. "तसंच टाक. हात नको लावू."

मी तसंच टाकलं. पाच मिनिटांत पुसदच्या सरांचा अभिप्राय आला, "तबल्याचा उजवा हात वर्ज्य करण्याचे धाडस!"

काकांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी उत्तर लिहिलं. रांग थांबली होती, मीही थांबलो. शेवटी त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरून विचारलं, बरोबर लिहिलं का. मी वाचलं.

"सर, वर्ज्य नाई. राखीव हाये."