हणमंतमामांचे सुटलेले शिष्य

हणमंतमामा हातात सिगारेट धरून सिगारेट कशी सोडावी ते शिकवतात. म्हैसूरला, जयलक्ष्मीपुरममधल्या बेकरीसमोर, रोज संध्याकाळी सहाला. बोलण्याच्या भरात ती पेटवायची राहूनच जाते.

त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत होते. घरची भाषा मराठी, पण कानडीची फोडणी दिलेली. माझी पुणेरी मराठी ऐकून ते म्हणतात, "फार पुस्तकी बोलतोस रे जोशी!"

हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीतून येणारी कंपनीची बस मला त्या बेकरीपाशी सोडायची. गेल्या वर्षी मला स्टेंट बसला. डॉक्टर म्हणाले, "सिगारेट बंद." मी मान हलवली. कशी बंद करायची ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. महिन्याभरात पुन्हा बेकरीसमोर. घरी सांगायचो, बसला उशीर झाला. बायको शर्टाचा वास घ्यायची आणि गप्प राहायची. त्या गप्प राहण्याने मी फार थकायचो.

एके दिवशी मामांनी पकडलं. "स्टेंटवाला ना तू? सोडायला काय केलंस?"

"मनाशी ठरवलं."

"सुम्ने, नुसतं ठरवून काय होतंय! निकोटिनचा गम असतो, पट्टी असते, गोत्ता?"

मला काहीच ठाऊक नव्हतं.

"डॉक्टरला विचारून घे. हळू चावायचा, चुरचुरलं की गालात ठेवायचा. मी पहिला गम विड्यात घालून खाल्ला. म्हैसूरचं पान हाताशी असताना नुसता कशाला खायचा? संध्याकाळभर उचक्या! बायको म्हणाली, कोण हो एवढी आठवण काढतंय?"

मी टाळाटाळ करतोय हे पाहून ते स्वतःच मला डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाहेर बाकावर दोन तास बसून राहिले.

माझी सिगारेट सुटली. आणि मी एक थांबा आधीच उतरू लागलो. सिगारेटवाल्यांपासून दूर राहा, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. त्यांत मी मामांनाही धरलं.

तीन महिन्यांनी पाव आणायला बेकरीत गेलो. मामा बाहेर एकटेच उभे होते, हातात सिगारेट.

"मामा, आता तुम्हीही सोडा."

आतून बेकरीवाला हसून कानडीत म्हणाला, "त्यांनी? बायपास झाल्यापासून एक झुरका नाही. ती सिगारेट महिनाभर तीच असते."

मी मामांकडे वळलो. "मग हातात कशाला?"

"रिकाम्या हाताच्या म्हाताऱ्याजवळ कोण थांबतंय रे? ही असली की दोघं-चौघं उभे राहतात. सुटले की येत नाहीत. बरंच आहे, अल्वा?" त्यांनी सिगारेट बोटांत फिरवली. "घरी बायको गेल्यापासून उचकी लागली तरी विचारणारं कोणी नाही. हल्ली लागतही नाही."

मी मान खाली घालून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी जुन्या थांब्यावर उतरलो. मला पाहताच मामांचा चेहरा पडला.

"अय्यो, पुन्हा सुरू केलीस?"

"नाही, मामा."

"मग इथे कशाला आलास?"

म्हटलं, "उचकी लागली होती."