पोटरीप्रकरणी शार्कांस अभय मिळाल्याची हकिकत

"विजार खाली ओढा. दूधवाल्यानं बघून झालीय तुमची पोटरी," ऐसे काकूसाहेब पुटपुटल्या, तेथपासोन या मोहिमेचे वर्तमान लिहिणे प्राप्त आहे. श्रोत्यांनी सावधचित्त असावे.

वर्तमान ऐसे जे, समुद्रकाठच्या त्या शहरी श्रीमंत काकासाहेब, निवृत्त पोस्टमास्तर, हे ऐन तारुण्यात शार्काशी झुंजोन जिवंत परतलेले वीर म्हणोन मशहूर होते, आणि पोटरीवरचा व्रण हीच तयांची सनद, आणि पाहुणा आला की विजार गुडघ्यावरी चढत असे. मग खबर आली की, खाडीच्या तोंडी जाळी लावोन शार्क समूळ मारावे ऐसी मसलत नगरपालिकेने योजिली आहे, आणि काकासाहेबांची पोटरी पुराव्यादाखल सभेत हजर करावी. हे ऐकोन पुतणीबाईंच्या तळपायाची आग मस्तकास गेली. बाई दातांच्या डॉक्टर. दात कोणाचेही असोत, तयांचा कैवार घेणे हा बाईंचा धर्म. तयांनी विडा उचलिला की, या किनाऱ्यावरील शार्कहल्ल्यांचा इतिहास मुळापासोन खणावा, आणि मुके जनावर नाहक बदनाम असेल तर सोडवावे.

मग दवाखान्यास कुलूप घालोन खासा स्वारी वाचनालयी दाखल जाहली. जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांनी धुळीचा ऐसा मारा केला की बाई शिंकोन शिंकोन बेजार, परंतु मोर्चा सोडिला नाही. तेथोन धक्क्यावर चाल केली, म्हाताऱ्या खलाशांच्या जबान्या घेतल्या, आणि एक हल्ला फुटक्या बाटलीचा निघाला, दुसरा लाँचच्या पंख्याचा. तिसऱ्यात शार्काने पँट फाडिली ऐसी कैफियत होती; ती शेजारणीच्या कुंपणावर फाटली, ऐसे पँटवाल्याच्या बायकोने दात-ओठ खात कबूल केले. ऐसे गडावर गड पडले, आणि उरला एक. तो घरचा.

शार्काचा चावा उमटतो चंद्रकोरीसारखा, आणि काकासाहेबांच्या पोटरीवर तर दोन सरळ रेघा, पट्टीने आखिल्यासारख्या. बाईंनी काकूसाहेबांस पुसले, तो तयांस गॅसवरचे दूध आठवले. काकांच्या मित्रास पुसले, तो तयांस एकाएकी कमी ऐकू येऊ लागले. सारे जाणत होते, आणि सारे चहा पुढे करीत होते. बाईंस सायकल काकांनी शिकविली, पडल्यावर गुडघे काकांनी धुतले. तयांची अब्रू कोणत्या तोंडाने उतरवावी?

मग सभा भरली. पोटरी पहिल्या रांगेत, विजार गुडघ्यावरी. बाईंनी बाटली सांगितली, पंखा सांगितला, पँट सांगितली, सभा पोट धरोन हसली; मग शेवटच्या हल्ल्याचा कागद घडी घालोन ठेविला.

"हा एक मात्र... खरा धरावा," बाई खाली पाहोन बोलल्या, आणि जाळीवाल्यांनी टाळ्या पिटिल्या.

तो काकासाहेब उठले आणि विजार सावकाश घोट्यापावेतो ओढिली, जे कृत्य शहराने आजवर पाहिले नव्हते.

"बाळ, खोटं बोलू नकोस, तुला जमत नाही ते. अहो, शार्क नव्हता. घडीची खुर्ची होती. वाळूत मांडली, बसलो, आणि मिटली."

येणेप्रमाणे जाळी रद्द जाहली, शार्कांस अभय मिळाले, आणि किनाऱ्याच्या इतिहासी शार्कांच्या नावे शून्य व खुर्चीच्या नावे एक हल्ला रुजू जाहला. मग मागील रांगेतोन काकूसाहेबांचा हुकूम ऐकू आला तो ऐसा:

"मी तेव्हाच म्हटलं होतं, मोडकी आहे, बसू नका. चला आता घरी."