नववी मात्रा

लग्नात वाजणारी ती नऊ मात्रांची चाल ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात रीतसर वाटण्यात आली, तेव्हा प्रत्येकाला चार-चार मात्रा मिळाल्या आणि नववी माझ्या टेबलावर राहिली.

मी तेव्हा पेत्रानी नावाच्या ग्रीक बेटावर जकात कचेरीत कारकून होतो. समोरचा तुर्की किनारा इतका जवळ, की तिकडे कुणी चादर झटकली तरी इकडे दिसायचं. ती चाल रोजच्या बोटीने ये-जा करी. लग्न असेल तिकडे जाई. कागदपत्रं कुणी विचारत नसे. मग ती मुळात कुणाची, यावरून दोन्हीकडचे विद्वान वर्तमानपत्रांत भांडू लागले आणि संयुक्त समिती नेमली गेली.

समितीने दोन्हीकडचा एकेक वृद्ध साक्षीदार बोलावला. आमच्याकडून स्ताव्रुलाआजी, त्यांच्याकडून वाजंत्री काझिम उस्ताद.

"आजी, ही चाल तुम्ही कुणाकडून शिकलात?" अध्यक्षांनी विचारलं.

"याच्या बापाकडून." आजींनी काझिमकडे बोट दाखवलं. "तो छान वाजवायचा. हा बिघडवतो."

"उस्ताद, तुमचे वडील कुणाकडून शिकले?"

"हिच्या आईकडून. काय गळा होता बाईचा! हिच्यापर्यंत काही पोचला नाही."

दोन्ही साक्षी राष्ट्रहिताला बाधक म्हणून बाद झाल्या आणि निम्मी-निम्मी वाटणी ठरली. नवाचे दोन सारखे भाग होत नाहीत, हे मी अदबीने निदर्शनास आणलं.

"उरलेली प्रलंबित दाखवा," अध्यक्ष म्हणाले.

मी दाखवली. शिक्क्यांच्या रिकाम्या डबीत ती नीट मावली. आपापल्या चार मात्रा दोनदा वाजवून आठ भरवण्याची मुभा उभय देशांना देण्यात आली.

पुढच्या रविवारी आजी तरातरा कचेरीत आल्या.

"थोमा, माझी नात एका पायावर उभी आहे."

आमच्याकडे वधू आठव्या मात्रेला पाऊल उचलते आणि नवव्या मात्रेला उंबऱ्याबाहेर टेकवते. आठवी वाजून गेली होती.

"कधीपासून?"

"सकाळपासून. पाद्रीबाबा दोनदा जेवून आले."

"तिला म्हणावं, पाय आत टेकव."

"उचललेलं पाऊल मागे घेतलं की लग्न मोडतं. तुझ्या आईने घेतलं असतं, तर आज या खुर्चीत दुसरा कुणी बसला असता. आणि बरा निघाला असता."

"प्रलंबित माल कुणाच्या ताब्यात देता येत नाही, आजी."

"मग देऊ नकोस. तूच घेऊन चल."

मी नियमावली पाहिली. प्रलंबित माल कारकुनाने स्वतः बरोबर बाळगण्यास मनाई नव्हती.

आजींची नात देस्पिना उंबऱ्यात दाराची चौकट धरून उभी होती. चेहरा पांढराफटक, पाऊल अधांतरी. बाहेर नवरामुलगा हात पुढे करून थिजला होता. वाजंत्र्यांनी आठ मात्रा पुन्हा वाजवल्या आणि मी झाकण उघडलं. पाऊल टेकलं. मागे नाचणाऱ्या सगळ्या आत्या-मावश्यांचीही पावलं टेकली, घर हललं. मी झाकण लावून वधूची सही घेतली.

धक्क्यावर परतलो तर काझिम उस्ताद बोटीत वाट बघत होते.

"चला साहेब," ते म्हणाले. "आमची वधू गुरुवारपासून ताटकळली आहे. तिची सासू म्हणते, मुलगी सोशिक दिसते."

मी डबी घेऊन बोटीत बसलो.

त्याला सतरा वर्षं झाली. मी निवृत्त झालो, पण माझ्या जागी कुणी नेमलेलं नाही, त्यामुळे डबी सोपवता आलेली नाही. समितीची पुढची बैठक ठरायची आहे. दोन्ही किनाऱ्यांवर लग्नं लागतात. आठ मात्रा झाल्या की लोक पाय उचलून समुद्राकडे बघतात. सहसा मी वेळेत पोचतो. वारा विरुद्ध असेल त्या दिवशी शेजारीण वधूला टेकायला खांदा देते.