किसनआबांचं ट्रम्पेट, मुळापासून

आमच्या शेजारच्या किसनआबांना किती वाजले विचारलं, तरी ते घड्याळ कुणी काढलं इथपासून सुरुवात करतात. ट्रम्पेटचं नाव काढलंत तर मग जेवूनच बसा.

शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात त्यांचा बँड. एकदा नवरदेवाचा बाप सुपारी द्यायला आला. "काय घ्याल?" एवढंच त्याने विचारलं. आबांनी ट्रम्पेट मांडीवर घेतलं.

"आधी मुळातून ऐका. मुळात हे जनावराचं शिंग हुतं. मग धातूची नळी झाली, लई लांब. ती गुंडाळली. तरी बोटानं दाबायची कळ न्हाई. ओठानं निघतील तेवढेच सूर. म्हणून सूर बदलाया वाजवणारे नळीचे जादा तुकडे संगं बाळगायचे..."

गोष्टीतल्या ट्रम्पेटला तीन कळा बसेपर्यंत पाहुण्याने दुसरा बँड ठरवला होता.

गावातली दूध सोसायटी बघून आबांनी बँडही सहकारी केला. वाद्यं सगळ्यांची, चेअरमन अर्थातच आबा. पण दुष्काळ पडला, लग्नं लांबली, आणि नामदेव, यादव, शब्बीर हे तिघे ट्रम्पेटवाले ऊसतोडीला निघाले. जाण्याआधी बैठकीत ठरलं, परत आल्यावर पितळ मोडीत घालायचं. विरोधात एकटे आबा. बहुमतापुढे चेअरमनचं काय चालणार!

त्यानंतर रोज संध्याकाळी आबांच्या घरातून चार वेगवेगळे भोंगे ऐकू येऊ लागले. टँकरच्या रांगेतल्या बायका म्हणायच्या, "म्हातारं कामातून गेलं." शेवटी वैतागून मीच गेलो. आबांचा ओठ सुजलेला, समोर चार ट्रम्पेट.

"आबा, कशाला छळता गावाला?"

"मास्तर, फुंकलं न्हाई की कळा धरतात. हे नामदेवचं, हे यादवचं, हे शब्बीरचं. पोरं आली आन कळ हालंना, तर मोडीतच घालतील की." मग हळूच म्हणाले, "आन घरात आवाज कराया दुसरं हाय कोन?"

मी तक्रार गिळून घरी आलो.

गुढीपाडव्यानंतर ऊसतोडीहून ट्रक आला. उन्हाने काळवंडलेले तिघे थेट आबांच्या ओट्यावर टेकले. आता मोडीचा विषय निघणार म्हणून मीही लगबगीने तिथे गेलो. नामदेवने आपलं ट्रम्पेट उचलून कळा दाबल्या. तिन्ही अलगद खाली गेल्या, अलगद वर आल्या. त्याने आबांच्या फुटलेल्या ओठाकडे पाहिलं.

"रोज वाजीवलं व्हय आबा?"

आबांनी यादवचं आणि शब्बीरचं ट्रम्पेटही पुढे सरकवलं.

"मोडीचं ऱ्हाऊ द्या," नामदेव म्हणाला. बाकी दोघांनी माना हलवल्या.

मला इतकं हायसं वाटलं, की मीच म्हणालो, "आबा, होऊन जाऊ द्या आता. मुळातून सांगा."

आबांनी उपरण्याने डोळे पुसले आणि ते उठले.

"मुळातलं मागून बघू, मास्तर. पोरं उपाशी हायत. आधी भाकरी टाकतो."